लंगडत्या घोडीला सुई टोचून वरातीत नाचवू नका

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर आठवड्याला जनावरांचं पान येतं. म्हशीचं दूध कसं वाढवावं, शेळीला जंताचं औषध केव्हा पाजावं, लम्पीची लस कधी टोचून घ्यावी, सारं त्यात असतं आणि मी ते वाचतो. घोड्यावर मात्र त्या पानात एक ओळ सापडत नाही. घोडं दिसतं ते लग्नसराईच्या पुरवणीत, फेटेवाल्या नवरदेवाच्या खाली. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर कापा, पण औषधांचा भाग तेवढा कापू नका.

मी दारव्हा तालुक्यातला. आमच्या घरी आज्यापासून घोडं आहे. आज्याचा आणि बापाचा टांगा होता. शकुंतला ही छोटी रेल्वेगाडी दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनात आली की सवाऱ्या गावात आणून सोडायच्या, हा धंदा. पुढे ऑटो आले, टांगे गेले, मग शकुंतलाही बंद पडली. आम्ही वरातीच्या घोड्यांवर आलो. सध्या माझ्याकडे दोन घोड्या आहेत. थोरली मैना, पांढरी नुकरी, दातांवरून विशी ओलांडलेली. माझ्याकडे आली तेव्हाच ती नाचरी होती. खाटेवर चढून पाय आपटायची, संबळ वाजला की मागच्या दोन पायांवर उभी राहायची. तिच्या त्या दोन पायांवर माझं घर चाललं, हे मी कबूल करतो. त्याच पायांबद्दल लिहायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात ती सकाळी ठाणावरून निघेना. मागचा उजवा पाय आखडून टाकायची, वळताना जास्त. विहिरीपर्यंत चालवली की पाय मोकळा व्हायचा आणि बघणारा म्हणायचा, काही नाही, थंडी धरली. अंग तापलं की चाल सुधारणं ही सांध्याच्या दुखण्याची खूण आहे, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. खुरात खिळा गेला, आत पू झाला, तर उलट चालवल्यावर घोडं जास्त लंगडतं. मैनाच्या मागच्या खुराचं टोक पुढून झिजलं होतं, कारण पाय ती पुरता उचलतच नव्हती, घासत नेत होती. एरवी नुसतं थोपटलं की पाय हातात देणारी घोडी नालबंदापुढे अंग चोरायला लागली. पुठ्ठ्यावरचं मांसही उजव्या बाजूनं उतरलं होतं. ते मला खरारा करताना हाताला लागलं, डोळ्यांना दिसलं नव्हतं.

गावात सल्ल्याला तोटा नाही. एकानं बिब्बा लावायला सांगितला, दुसऱ्यानं विळा लाल करून डाग द्यायला. शेजारच्या गावचा एक गडी आहे, स्वतःला डॉक्टर म्हणवतो, पिशवीत सगळी माणसांची औषधं घेऊन फिरतो. तो म्हणाला, "काका, बुढी झाली थे. एक सुई मारतो, संध्याकाळी नाचते का नाही पाहा." मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. बिब्ब्यानं आणि डागानं कातडी भाजते, सुजते. घोडं त्या नव्या दुखण्यापायी काही दिवस पाय हलवत नाही आणि तेवढ्या विसाव्यानं त्याला थोडं बरं वाटतं. लोक म्हणतात, डागानं गुण आला. आतला सांधा होता तसाच राहतो. विसावाच द्यायचा तर न भाजता देता येतो. आमच्या भागात आजही कितीतरी बैलांच्या आणि घोड्यांच्या पायांवर हे जुने व्रण दिसतात, आणि मालक ते अभिमानानं दाखवतो की मी इलाज केला होता.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात सध्या एक डॉक्टर मॅडम आहेत. त्यांनी आल्या आल्या बाटली काढली नाही. दवाखान्यापुढच्या सपाट, कडक जागेवर घोडी आधी कदम चालवली, मग माझ्या पोराला लगाम ढिला धरून दुडकी पळवायला लावली. मला बाजूला उभं करून दाखवलं की पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना घोडं डोकं वर झटकतं आणि चांगला पाय टेकताना खाली घेतं. मागचा दुखत असला तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर उडतो. जन्म घोड्यांत गेला, पण ही नजर मला कोणी दिली नव्हती. मग त्यांनी मागचा पाय उचलून, सांधा मुडपून मिनिटभर तसाच धरला आणि सोडताक्षणी पळवायला सांगितलं. पहिली काही पावलं मैना अशी लंगडली की पोरगं स्वतःच थांबलं. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तरी आमच्याकडे शंभरातल्या किती लंगड्या घोड्यांची ती होत असेल, देव जाणे.

त्यानंतर मॅडमनी पुढच्या पायांकडे पाहून विचारलं, "ही रात्री बसते का?" मला प्रश्न कळला नाही. मैनाच्या पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरून कातडी सोललेली होती. मी समजत होतो, ठेच लागली असेल, हळद-तेल लावत होतो. आपल्याकडे म्हण झाली आहे की घोडं उभ्यानं झोपतं आणि बसलं की मेलं. ते अर्धंच खरं आहे. घोडं उभ्यानं डुलकी घेतं, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास तरी अंग जमिनीला टेकावंच लागतं. सांधे दुखत असले की बसायचं आणि उठायचं त्याच्या जिवावर येतं, म्हणून ते बसणंच सोडून देतं. मग उभ्या उभ्या झोप अनावर होते, पुढचे गुडघे मोडतात, घोटे जमिनीवर आदळतात आणि घोडं दचकून सावरतं. असं रात्रभर. त्या सोललेल्या घोट्यांचा अर्थ हा होता. माझी घोडी नुसती लंगडत नव्हती, तिला झोपच मिळत नव्हती. लंगडणं मी पाहिलं होतं. ही गोष्ट मात्र दाखवल्याशिवाय दिसली नसती. घोडेवाल्या वाचकांनी उद्या सकाळी उठून आपल्या म्हाताऱ्या घोड्याच्या अंगाला कुटार (भुसा), माती चिकटली आहे का ते पाहावं. चिकटली असेल तर ते रात्री टेकलं होतं.

एक्स-रेसाठी पिकअप करून कारंजा-मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला गेलो. तिथे पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे, नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १९५८ पासूनचं. विदर्भात अशी दोन ठिकाणं असताना आपण डाग देत बसतो, हे मला खटकतं. फोटोत मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्याचा, ज्याला डॉक्टर हॉक म्हणतात, खालचा भाग झिजलेला दिसला. तो एक सांधा नसतो. वर एक मोठा हलता सांधा आणि त्याखाली लहान लहान हाडांचे, फारसे न हलणारे सांधे एकावर एक असतात. मैनाचं दुखणं त्या खालच्या सांध्यांत होतं. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत कुर्चेचं आवरण झिजलेलं, मधली फट अरुंद झालेली, कडेला हाडाचे काटे वाढलेले. आसाचं वंगण सुकलं की टांग्याचं चाक जसं आसालाच खायला लागतं, तसं आत चाललं होतं. गेलेलं आवरण परत येत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. पण हेही सांगितलं की खालचे हे सांधे वर्षांच्या ओघात काही घोड्यांत आपोआप जुळून एक होतात, आणि ते एक झाले की घासणं थांबतं, दुखणं बरंच उतरतं. गुडघा किंवा घोटा झिजला तर अशी सोय नसते, कारण ते सांधे हलल्याशिवाय घोडं चालूच शकत नाही. म्हणजे "सांधे गेले" या दोन शब्दांत काही कळत नाही. कोणता सांधा, कुठला भाग, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता औषध. मॅडमनी आधी घोडीचं वजन विचारलं. मी अंदाजानं चार क्विंटल म्हणालो. त्यांनी शिंप्याची फीत काढली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजला, १५५ सेंटिमीटर. खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजली, १५० सेंटिमीटर. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ११,८८० नं भागायचं. मोबाइलवर उत्तर आलं ३०३ किलो. माझ्या चार क्विंटलांवर औषध दिलं असतं तर दर खेपेला जवळपास एक-तृतीयांश जास्त गेलं असतं. सुई मारणारे गावठी डॉक्टर तर वजन विचारतही नाहीत. म्हशीला जेवढं, तेवढंच घोडीला.

दिलेलं औषध मेलोक्सिकॅम, दुखणं आणि सूज उतरवणारं. किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच, चाऱ्यासोबत. म्हणजे मैनाला साधारण १८० मिलिग्रॅम. हा आकडा मी लपवत नाही, पण तो वाचून कुणी दुकानात जाऊ नये. किती दिवस द्यायचं, कधी थांबायचं, हे घोडी पाहून ठरतं. पहिल्या आठवड्यानंतर मॅडमनी मात्रा कमी करून पाहिली आणि ज्या मात्रेवर घोडी रात्री टेकायला लागली तिथेच थांबल्या. शर्यतीच्या घोड्यांकडे फिनाइलब्युटाझोन नावाचं औषध जुन्या काळापासून चालतं. तेही दुखणं उतरवतं, पण त्याची पुरेशी मात्रा आणि जास्तीची मात्रा यांत अंतर फार कमी. या जातीच्या सगळ्याच औषधांनी पोटात आणि आतड्यात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं चुकलं ते चुकलंच. खाणं कमी झालं, लीद पातळ झाली, तोंडात छाले दिसले, तर औषध थांबवून दवाखाना गाठायचा. अशी दोन औषधं एकत्र कधीच द्यायची नाहीत. आमचे लोक नेमकं तेच करतात: सकाळी एकानं दिलेली गोळी, दुपारी दुसऱ्यानं टोचलेली सुई, वरून "ताकद यावी" म्हणून डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड.

आणि हे सगळं यवतमाळच्या मे महिन्यात. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, घोडी दुपारपासून उन्हात उभी, पाण्याची बादली मंडपाच्या मागे कुठेतरी. अंगातलं पाणी आटलेलं असताना हीच औषधं मूत्रपिंडाला सगळ्यात जास्त मारतात. लग्नसराई आणि उन्हाळा आपल्याकडे एकाच वेळी येतात, म्हणून ही गोष्ट विदर्भातल्या घोडेवाल्यानं पुण्या-कोल्हापूरच्या घोडेवाल्यापेक्षा जास्त ध्यानात ठेवायला हवी.

त्या पिशवीवाल्या गड्याच्या सुईत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक असतं, माणसांच्या कंबरदुखीचं. जनावरांसाठी त्यावर २००६ साली देशात बंदी आली. कारण गिधाडं. हे औषध टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेला बैल टाकला की दुपारपर्यंत नुसती हाडं उरायची. माझ्या नातवानं गिधाड पुस्तकात पाहिलं आहे. माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जातात म्हणून २०१५ साली सरकारनं त्या बाटल्याही बंद करून ३ मिलिलिटरची एका वेळची कुपी सक्तीची केली. २०२३ मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांच्यावरही बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे हे तपासलेलं आहे. पेंचच्या जंगलात २०२४ साली हरियाणातल्या पिंजोरहून आणलेली गिधाडं सोडली, तेव्हा आपल्याच पेपरांत फोटो आले होते. ती उडत उडत आमच्या तालुक्यावर आली, तर इथल्या मेलेल्या जनावरांत त्यांनी काय खावं? छोट्या कुप्या चार फोडल्या की मोठी बाटली होते, हे औषध दुकानदारालाही कळतं आणि घेणाऱ्यालाही.

सांध्यातच सुई देऊन स्टिरॉइड सोडण्याचा इलाजही आहे आणि तो मोठ्या शहरांत होतो. अकोल्याला तो विषय निघाला. पण सांध्यात सुई जाताना एक जंतू आत गेला तर घोडी कायमची गेली, म्हणून ते काम गोठ्यात, माशा घोंगावत असताना करण्याचं नाही. आम्ही ते टाळलं. बाजारात सांध्यांसाठी म्हणून ग्लुकोसामाइनच्या पुड्या महाग मिळतात. घोड्याला तोंडावाटे त्याचा किती उपयोग होतो याचा पुरावा पातळ आहे, असं मॅडम म्हणाल्या. त्या पैशात मी ठाण नीट केलं.

ठाणाचं सांगतो, कारण मला विचाराल तर अर्धा गुण त्याचा. सिमेंटच्या कोब्यावर आता वाळू आणि वर कुटाराचा जाड थर असतो, म्हणजे टेकायला आणि उठायला खुराला पकड मिळते. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून-मागून बांधायचे दोर, काढून टाकले. दिवसभर एका जागी बांधलेल्या घोड्याचे सांधे आखडतात, हे आपल्या माणसांच्या गुडघ्यांवरूनही कळतं. सकाळ-संध्याकाळ पोरगं तिला धुऱ्याधुऱ्यानं मुरमाच्या वाटेवर हळू चालवतं; डांबरावर नाही, आणि पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या चिखलात तर मुळीच नाही. तो चिखल पाय ओढून धरतो आणि बाहेर काढताना तोच सांधा मुरगळतो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी केली. अंगावर आलेलं प्रत्येक किलो त्याच चार पायांना उचलावं लागतं. मंडपातल्या बायाबापड्या प्रेमानं गूळ-फुटाणे चारतात, त्यांना आता मी हात जोडतो.

नालबंद हा मोठा प्रश्न आहे. बैलांना पत्र्या ठोकणारा अजून बाजारात भेटतो, पण बैलाचा खूर दुभंगलेला, त्याची पत्री दोन तुकड्यांची. घोड्याचं शास्त्र वेगळं. खुराचं टोक लांब राहिलं की प्रत्येक पावलाला पाय उलथायला जोर लागतो आणि तो जोर सांध्यावर येतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून टोक आखूड आणि गोलसर करायला हवं. आमच्या भागात हे काम नीट करणारे हात बोटांवर मोजण्याएवढे राहिले आहेत, तेही साठीच्या पुढचे. घोडे जिथे कमी झाले तिथे नालबंद कसा टिकावा? २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टू होते, २०१९ मध्ये साधारण ३ लाख ४० हजार. नालबंदाच्या पोराला या आकड्यांत भविष्य दिसत नाही, त्याला दोष देऊन काय उपयोग.

एक सावधगिरी मध्येच सांगून ठेवतो. म्हाताऱ्या घोड्याचं लंगडणं सांध्याचंच असतं असं नाही. दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून घोडं उभं राहिलं, खूर हाताला गरम लागले, तर ती खुराच्या आतली सूज असू शकते. आणि उन्हाळा लागला तरी अंगावरचे लांब, कुरळे केस गळत नसतील तर म्हातारपणी होणारा ग्रंथीचा आजार असू शकतो, त्यातूनही खुरं बिघडतात. त्यांचा इलाज वेगळा. म्हणून तपासणी आधी, औषध नंतर.

आता लग्नघरांना. मैना मी वरातीतून काढली आहे, धाकटीवर धंदा चालतो. तरी लोक मैनालाच मागतात, कारण ती नाचरी. एका लग्नघरच्या मोठ्या माणसानं मला दुप्पट पैसे देऊ केले. औषधानं बरी आहे म्हणता ना, मग एक दिवस आणा, असं त्यांचं म्हणणं. ती बरी झालेली नाही. तिचं दुखणं दबलेलं आहे. दुखणं दबलेल्या घोडीला मागच्या पायांवर उभं केलं, तर अंगाचा सगळा भार त्याच झिजलेल्या सांध्यांवर येतो आणि ती त्याची खबर देत नाही, कारण खबर देणारी वेदनाच आपण बंद केलेली असते. औषध तिला रात्री अंग टाकता यावं म्हणून आहे, डीजेपुढे उभं राहता यावं म्हणून नाही. पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी दुसरीकडून घोडी आणली. ती दोन गाण्यांनंतर मागचा पाय टेकवत नव्हती, हे मी स्वतः पाहिलं. तिला सुई टोचून आणली होती की नाही, हे मी सांगू शकत नाही.

घोड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं घालू नये असा संकेत आहे. ३०० किलोच्या घोडीला ६० किलो. आता आपला नवरदेव ८० किलोचा, खोगीर आणि झालरी वेगळ्या, आणि पुढे भाच्याला बसवल्याशिवाय फोटो येत नाही. हल्ली गावोगाव सिमेंटचे रस्ते झाले, ते घोड्याच्या पायाला डांबराहूनही वाईट. शंभर पावलांच्या वरातीला डीजेपायी तीन तास लागतात. तरुण, धडधाकट घोडीलाही हे जड आहे. म्हातारीचं तर बोलूच नये.

आजारी, लंगड्या किंवा वयानं थकलेल्या जनावराला कामाला जुंपणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, कलम ११. भुकेनं-तहानेनं जनावराचे हाल होतील असं त्याला मोकाट सोडून देणंही त्याच कलमात बसतं. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. माझ्या खोगिराच्या एका गोंड्याची किंमत याहून जास्त आहे.

मोकाट सोडण्याचं मुद्दाम लिहिलं. वरातीतून निघालेलं घोडं ठेवायला परवडत नाही, म्हणून लोक रात्री हायवेवर नेऊन सोडतात आणि म्हणतात, देवाच्या नावानं सोडलं. देवाच्या नावानं सोडलेली ती जनावरं मग ट्रकखाली सापडतात. खर्च परवडत नाही हे खरं आहे, मला माहीत आहे. मैनाचं औषध, कुटार, खूर कापणं हे सगळं धाकटीच्या कमाईतून जातं आणि घरात त्यावरून बोलणी होतात. पण तिनं कमावलेल्या पैशातून माझ्या पोरीचं लग्न झालं. मी तिला कुठे सोडू? उद्या औषधही पुरेनासं झालं, ती उठेना, खाईना, तर मॅडमना बोलावून शांतपणे संपवायचं हेही घरात बोलून ठेवलं आहे. घोड्याला कुणी असं मरण दिलं की गाव पाप म्हणतं. आठवडाभर उन्हात पडून कावळे टोचत असताना मेलं तर मात्र कुणी काही म्हणत नाही.

पशुसंवर्धन खात्याकडे माझी मागणी फार मोठी नाही. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस घोड्यांसाठी असावा, त्या दिवशी अकोल्याचं किंवा नागपूरचं घोड्यांचं जाणतं माणूस आणि सोबत फिरतं एक्स-रे यंत्र यावं. १९६२ या नंबरवर फोन केला की फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याची गाडी येते, तिच्यात गाई-म्हशींच्या औषधांसोबत घोड्याला चालणारं मेलोक्सिकॅम आणि धनुर्वाताची लस ठेवावी. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि खिळ्याची जखम त्याला नवी नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयानं आमच्या भागातल्या चार तरुण पोरांना खूर कापणं आणि नाल ठोकणं शिकवावं. जुने नालबंद शिकवायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललो आहे. बोलावणं पाठवणारं कोणी नाही.

आणि आपल्याकडे एक विनंती. वजन मोजायची ती फितीची रीत जनावरांच्या पानावर छापा, आणि चौकट करून छापा. आमचे घोडेवाले पेपरात चौकटीतलंच वाचतात.

आपला वाचक,
वरातीचा एक घोडीवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ